मांजर घरात, मोगरा गॅलरीत, बुलबुल घरट्यात: नाशिकच्या घरासाठी पहिल्या वर्षाचं मार्गदर्शन

घरात मांजर किंवा कुत्रा, गॅलरीत फुलझाडं आणि त्या झाडांत घरटं करणारे पक्षी, हे सगळं एका घरात नीट नांदू शकतं. फक्त कामांचा क्रम चुकवायचा नाही. आधी प्राण्याची हद्द पक्की करायची, मग झाडं आणायची, आणि पक्ष्यांसाठी जे काही करायचं ते सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. उत्साहाने चिमणीची पेटी टांगली जाते, दाणे ठेवले जातात, पक्षी यायला लागतात आणि मग लक्षात येतं की मांजर ग्रिलवर दबा धरून बसतंय. पक्ष्याला आपण आवरू शकत नाही. आवरता येतं ते आपल्या प्राण्याला आणि आपल्या हाताला. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

नाशिकमध्ये सुरुवातीला ऑक्टोबर महिना उत्तम. पाऊस संपलेला असतो, झाडं लावायला आणि छाटायला हवा चांगली असते. बुलबुल, शिंजीर (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) यांच्या विणीचा मोठा हंगाम साधारण फेब्रुवारीपासून पुढे असतो. म्हणजे झाडं अंग धरायला आणि प्राण्याला शिस्त लागायला तीन-चार महिने हाताशी राहतात. एप्रिलच्या उन्हात नवी झाडं आणली तर निम्मी जळतात आणि उरलेल्यांत पक्ष्याला आडोसा मिळत नाही.

पहिली पायरी: प्राण्याची हद्द

फ्लॅटमध्ये मांजर असेल तर गॅलरीचे दोन भाग करा, एक मांजराचा आणि एक झाडांचा. मांजराच्या भागाला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लोखंडी चौकटीत बसवून घ्या. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजरासाठी भरवशाची नाही. ते दातांनी एक-एक दोरा तोडतं आणि महिन्याभरात डोकं जाईल एवढं भोक पाडतं. जाळी ढिली असेल तर दुसरा धोका. शिंजिरासारखा बोटभर पक्षी तिच्यात अडकतो आणि सुटायच्या धडपडीत पंख मोडून घेतो. म्हणून नायलॉनची जाळी लावायचीच असेल तर चारही बाजूंनी हुकांत ताणून लावा. हाताने दाबली तर ती लोंबता कामा नये. स्टीलच्या तारांच्या ‘इनव्हिजिबल ग्रिल’मध्ये दोन तारांत दोन इंच अंतर असेल तर मांजराचं पिल्लू सहज बाहेर जातं. पिल्लू मोठं होईपर्यंत खालचे दोन फूट वेगळी जाळी लावा. खिडकीची डासांची जाळी ही मांजराची जाळी नव्हे, ती एका उडीत फाटते.

झाडांचा भाग या जाळीच्या बाहेर, बॉक्स ग्रिलमध्ये किंवा गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. बाहेरच्या ग्रिलमधली प्रत्येक कुंडी तारेने बांधा. मे अखेरच्या वळवाच्या वाऱ्यात कुंड्या खाली पडतात, आणि खाली माणसं असतात.

इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा या भागांत अजून बंगले आणि रो-हाऊस बरेच आहेत. तिथे सगळं अंगण जाळीत घेणं शक्य नसतं. अशा घरांत वेळ पाळा. मांजर पहाटे आणि दिवेलागणीला सगळ्यात जास्त शिकार करतं, आणि पक्षी खाली उतरून चरतात तेही त्याच वेळी. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्ताच्या आधीचा तास मांजर घरात ठेवा. त्याच वेळी काठीला बांधलेल्या पिसाने किंवा दोरीने दहा-पंधरा मिनिटं खेळवा आणि लगेच खायला द्या. पाठलाग, झडप, खाणं हा क्रम घरातच पुरा झाला की ते झोपतं. गळ्यात घंटी बांधून मोकळं सोडणं पुरेसं नाही. घंटी ऐकून मोठा पक्षी उडेल, पण ज्या पिल्लाला उडताच येत नाही त्याला घंटीचा काय उपयोग?

कुत्र्याचं तुलनेने सोपं आहे. तो झाडावर चढत नाही, पण कुंड्या उकरतो आणि जमिनीवर उतरलेलं पिल्लू तोंडात धरतो. ‘थांब’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द पहिल्या तीन महिन्यांत पक्के करा. रोज पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. एकाने ‘थांब’ आणि दुसऱ्याने ‘नो’ म्हटलं तर कुत्र्याला दोन्ही कळत नाहीत.

कुंडीतली मोकळी भुसभुशीत माती मांजराला शी-शूची जागा वाटते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असेल तर हमखास. माती उघडी ठेवू नका. सुपारीएवढ्या गोट्यांचा एक थर पसरला की प्रश्न मिटतो. तरीही कुंडीतच जात असेल तर लिटर बॉक्स अस्वच्छ आहे किंवा कमी आहेत, असं समजा. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक बॉक्स जास्त लागतो. मांजर ज्या मातीत जातं तिथे काम करताना हातमोजे घाला. घरात गरोदर बाई असेल तर तिने ते काम करूच नये, मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो.

लसींचं थोडक्यात: कुत्र्याच्या पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, तीन महिन्यांनंतर रेबीजची, आणि मग डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने. मांजरालाही रेबीजची लस लागते, ते घराबाहेर जात नसलं तरी. कुत्र्याची महापालिकेकडे नोंदणी करून घ्या आणि लसीचं कार्ड जपून ठेवा.

दुसरी पायरी: घरातलं विष ओळखा

नाशिकची दोन मोठी पिकं कोणती, तर द्राक्ष आणि कांदा. दोन्ही कुत्र्याला घातक आहेत आणि दोन्ही आपल्या घरात पाटीने, गोणीने येतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर, याचा ठोक हिशेब मांडता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसऱ्याला थोडेच भोवतात. म्हणून एकही नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखीच्या बागेतून पेटी आली की ती ओट्यावर ठेवा, जमिनीवर नको. शिऱ्यातला, चिवड्यातला, प्रसादाच्या पंचखाद्यातला बेदाणाही यातच आला. कांदा-लसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मांजराला त्याचा त्रास कुत्र्यापेक्षा कमी मात्रेत होतो. शिजवल्याने हा गुण जात नाही, त्यामुळे मिसळीचा रस्सा, भाजीचं वाटण, रस्साभातही नाही. लक्षणं कधीकधी तीन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या, धाप, लघवी गडद.

झाडांतलं विष हे वेगळं प्रकरण. कण्हेर आणि बिट्टी या दोघांचे सगळे भाग हृदयावर परिणाम करतात. ॲडेनियम त्यांच्याच कुळातलं. पाळीव प्राणी असलेल्या घरात ही तीन झाडं नकोत. सायकस पामच्या बिया आणि पानं यकृत बिघडवतात. डिफेनबॅकिया आणि मनी प्लांट चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. जीवावर सहसा बेतत नाही, पण उंचावर टांगा. मांजरासाठी सगळ्यात वाईट लिली. वाढदिवसाच्या बुकेत जी मोठ्या पाकळ्यांची, गडद परागांची लिली असते, ती. तिचे पराग अंगावर पडून मांजराने चाटले तरी मूत्रपिंडं बंद पडू शकतात. असा बुके आला तर दारातच लिली बाजूला काढा. फुलदाणीतलं पाणीही धोक्याचं आहे.

निर्धोक आणि नाशिकच्या हवेत चांगली येणारी म्हणजे गुलाब, जास्वंद, मोगरा, झिनिया. घरात ठेवायला अरेका पाम आणि स्पायडर प्लांट.

खत आणि औषधांच्या कपाटाकडे फार कमी लोक लक्ष देतात. एरंडीची पेंड कधीही आणू नका. तिचा वास कुत्र्याला ओढतो आणि तिच्यात रायसिन हे जहाल विष राहिलेलं असू शकतं. निंबोळी पेंड चालते, ती कडू असल्यामुळे कुत्रा सहसा खात नाही. हाडांचा चुरा घातला की कुत्रा ती कुंडी उकरणारच. गोगलगायींसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत मेटाल्डिहाइड असतं, त्यांनी कुत्र्याला झटके येतात. पावसाळ्यात गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. उंदराच्या विषाने मेलेला किंवा अर्धमेला उंदीर मांजर खातं, पिंगळा आणि घुबडही खातं. पिंजरा लावा.

आणि दोन औषधं तोंडपाठ ठेवा. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावायचं नाही, त्याने मांजर दगावतं. माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला द्यायची नाही, अर्धीसुद्धा नाही.

प्राण्याने काही विषारी खाल्ल्याचा संशय आला तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने दुसराच बिघाड होतो. खाल्लेल्या झाडाची फांदी किंवा औषधाचं पाकीट बरोबर घ्या आणि लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

तिसरी पायरी: माती, कुंड्या आणि कामाची झाडं

आपल्याकडची काळी माती शेतात सोन्यासारखी असली तरी कुंडीत एकटी वापरू नका. ओली असताना ती चिकट गोळा होते, वाळली की कडेने भेग पडते आणि घातलेलं पाणी मुळांना न भेटता भेगेतून खाली जातं. मिश्रण असं करा: दोन घमेली पोयटा (गाळाची माती) किंवा लाल माती, एक घमेलं चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं धुतलेलं कोकोपीट, आणि या सगळ्यात दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यातले क्षार निघून जातात. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. ते मुळं जाळतं आणि हुमणीच्या अळ्याही आणतं. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा उपडा ठेवा.

गुलाब, जास्वंद, मोगरा यांना बारा इंची कुंडी आणि किमान पाच-सहा तास ऊन लागतं. पश्चिमेच्या गॅलरीत मार्च अखेरपासून मेपर्यंत ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, नाहीतर दुपारी मातीच तापते आणि मुळं भाजतात.

गुलाबावर जरा थांबू. मोगलकाळात गुलशनाबाद म्हणवलेल्या या शहरात गुलाबाला थंडी फार मानवते. पाऊस पूर्ण थांबला की, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यानंतर, छाटणी करा. वाळलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या बुडातून काढा. उरलेल्या तीन-चार सशक्त फांद्यांवर चार-पाच डोळे (जिथून फुटवा येतो त्या जागा) ठेवून, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या. डोळा आतल्या बाजूचा निवडला तर फुटवे आत वळतात, झाडाच्या पोटात हवा खेळत नाही आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) पडते. कात्री आधी डेटॉलने पुसा. छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत पहिला बहर येतो, म्हणजे डिसेंबरची थंडी आणि फुलं एकाच वेळी. भुरी, करपा हे शब्द द्राक्षवाल्या शेजाऱ्याकडून ऐकले असतील. गुलाबावरही याच नावांचे रोग येतात. करप्याची काळ्या ठिपक्यांची पानं तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका. आणि पाणी पानांवर नको, बुंध्याशी घाला.

मोगऱ्याची छाटणी जानेवारीत. फांद्या निम्म्या करा, उरलेली पानं खुडा, आठ-दहा दिवस पाणी बेताचं ठेवा आणि मग खत घालून पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या येतात. मोगरा फुलत नाही अशी तक्रार जिथे असते तिथे बहुतेक वेळा झाड सावलीत असतं किंवा छाटलेलंच नसतं.

पक्ष्यांसाठी झाडं निवडायची तर दोन गोष्टी पाहा: मध आणि आडोसा. शिंजिराला नळीसारखी फुलं लागतात. जास्वंद, हमेलिया, इक्झोरा, रसेलिया ही झाडं त्यासाठी चांगली. त्यातलं हमेलिया वर्षातला बराच काळ फुलतं आणि पाणी थोडं चुकलं तरी सोसतं. बुलबुलाला गच्च वेल हवा, मधुमालती किंवा बोगनवेल. शिंपी पक्ष्याला मोठी, लवचिक पानं लागतात. कढीपत्ता आणि लिंबाचं झाड एक-एक ठेवा. त्यावर फुलपाखरांच्या अळ्या येतात, पानं खातात, आणि पिल्लांचं खाणं तेच असतं. मध पिणारा शिंजीरही पिल्लांना कोळी आणि किडेच भरवतो. म्हणून पान थोडं कुरतडलेलं दिसलं की फवारायचं, ही सवय सोडा.

मावा (कोवळ्या शेंड्यांवरची बारीक रसशोषक कीड) पाण्याच्या जोरदार धारेने जातो. पिठ्या ढेकूण (फांद्यांवर चिकटणारी पांढरी, कापसासारखी कीड) साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. फारच झालं तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन मिली द्रव साबण, सूर्यास्तानंतर, पानांच्या खालून. फवारा वाळेपर्यंत मांजर आत. पिठ्या ढेकूण पुन्हापुन्हा येत असतील तर मुंग्या पाहा. त्या गोड चिकट्यासाठी ढेकणांना राखतात आणि झाडभर नेतात. कुंडीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्यांची वाट बंद होते. याच मुंग्या घरट्यातली नुकती बाहेर आलेली पिल्लंही मारतात, म्हणून हा उपाय जानेवारीतच करून ठेवा. वाट्यांतलं पाणी एक दिवसाआड ओतून टाका. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात.

चौथी पायरी: पाणी, दाणे, पेटी

पाण्यासाठी मातीचं पसरट परळ घ्या. पाणी दीड-दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. जागा चार-पाच फूट उंचीवर आणि मांजर लपू शकेल अशा कोपऱ्यापासून किमान सहा-सात फूट लांब. रोज पाणी बदला आणि नारळाच्या शेंडीने घासा. शेवाळ आणि विष्ठा साचलेलं परळ पक्ष्यांत रोग पसरवतं, त्यापेक्षा परळ नसलेलं बरं.

दाणे मूठभरच: बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी. फरसाण, शेव, खारे दाणे नकोत. संध्याकाळी उरलेलं उचला, नाहीतर उंदीर येतात. दाणे जास्त टाकले की पारवे जमतात आणि चिमण्या हटतात.

चिमणीच्या चळवळीत नाशिकचं नाव जगभर गेलं आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस सुरू केला आणि २०१० पासून तो पाळला जातो. बाजारात मात्र चिमणीच्या नावाने दिखाऊ पेट्या खूप विकल्या जातात. चांगली पेटी अशी असते: तळ साधारण सहा इंच बाय सहा इंच, उंची आठ-नऊ इंच, भोक ३२ मिमी व्यासाचं आणि तळापासून पाच-सहा इंच वर. भोक मोठं असेल तर साळुंकी पेटी बळकावते. भोकाखाली दांडी नको. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र बसायला होते. तळाला चार बारीक भोकं, वर पुढे आलेलं छप्पर, एक बाजू उघडता येणारी. आतून रंग नाही. पेटी आठ-दहा फुटांवर, तोंड पूर्व किंवा उत्तरेला, पावसाच्या झोताबाहेर. मांजर ज्यावरून उडी मारेल असं कपाट, ग्रिल, एसीचं युनिट जवळ नको. पंख्याच्या खोलीत तर नकोच. घरात शिरलेल्या चिमण्या पंख्याने मरतात.

पाचवी पायरी: घरटं दिसलं

इथे घाई सगळ्यात महाग पडते, म्हणून सावकाश वाचा.

शिंजिराचं घरटं नवख्याला घरटं वाटतच नाही. मधुमालतीच्या टोकाला, कपडे वाळत घालायच्या दोरीला किंवा जुन्या वायरीला लोंबणारी कचऱ्याची जुडी दिसते. जवळून पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्याने गुंफलेल्या वाळक्या पानांचे तुकडे, सालपटं, अळ्यांची विष्ठा. वरच्या बाजूला कुशीत भोक, त्यावर पुढे आलेली छोटी पडवी, आत शेवरीसारखा मऊ कापूस. गुढीपाडव्याच्या साफसफाईत अशी घरटी झाडूने जातात. म्हणून जळमटं काढण्याआधी प्रत्येक लोंबणारी गोष्ट पाच मिनिटं लांबून पाहा, त्यावर पक्षी येतो का ते. आणि गॅलरीच्या एका कोपऱ्यातली कोळ्याची जाळी मुद्दाम राहू द्या. शिंजीर आणि शिंपी दोघांनाही तो धागा लागतो. शिंपी पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडून त्यातून जाळ्याचा किंवा कापसाचा धागा ओढतो. बाहेरच्या बाजूला धाग्याचं टोक पिंजून बोंडासारखं फुगतं आणि मागे सरकत नाही.

तुमच्याकडून सुतळ्या, लोकरीचे तुकडे, केस ठेवू नका. धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला जातो आणि पाय वाढताना कापतो. विंचरलेले कुत्र्याचे केसही बाहेर टाकू नका, गोचिडाचं औषध त्या केसांत उरलेलं असतं.

अंडी घातल्यावरचा हिशेब असा. बुलबुल दोन-तीन अंडी घालतो, साधारण दोन आठवडे उबवण, त्यानंतर पिल्लं दोन आठवड्यांच्या आत बाहेर पडतात. शिंजीर बहुधा दोन अंडी, दोन्ही टप्प्यांना साधारण पंधरा-पंधरा दिवस. होला (कबुतराच्या कुळातला छोटा पक्षी) काड्यांचं विरळ, अगदी तकलादू घरटं करून दोन अंडी घालतो आणि महिन्याभरात मोकळा होतो. ते घरटं पडेल या भीतीने खाली पुठ्ठा लावायला जाऊ नका. तशा ढवळाढवळीने होला घरटं सोडून जाण्याचा धोका जास्त. थोडक्यात, बहुतेक छोट्या पक्ष्यांसाठी तुम्हाला चार-पाच आठवडे संयम ठेवायचा आहे.

त्या काळात छाटणी बंद, फवारणी बंद, कुंडी हलवणं बंद. पाणी घाला, पण पाइपने नाही. तांब्याने बुंध्याशी, अर्ध्या मिनिटात, रोज त्याच वेळी. घरटं पाहायचं ते दहा-बारा फुटांवरून. फांदी बाजूला सारून मोबाइल आत घातला की दोन गोष्टी होतात. आई दचकून उडते आणि उन्हात अंडी उघडी पडतात. शिवाय तारेवर बसलेल्या कावळ्याला घरटं कुठे आहे ते कळतं. कावळा आपल्या हालचाली बारकाईने पाहतो, हे विसरू नका.

मांजराचा त्या गॅलरीचा दरवाजा अंडी दिसल्या दिवसापासून पिल्लं उडाल्यानंतर आठवडाभर बंद. ते दाराशी ओरडेल. त्याला दुसऱ्या खिडकीत बसायला फळी द्या.

शिंजीर किंवा चिरक खिडकीच्या काचेवर सारखा आपटत असेल तर तो आपल्याच प्रतिबिंबाशी भांडतो आहे. काचेवर बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा किंवा साबणाचं पाणी फासा. आतून पडदा लावून प्रतिबिंब जात नाही, उलट जास्त स्पष्ट होतं.

पारव्याचा मार्ग वेगळा. एसीच्या मागे काड्या दिसल्या आणि अंडी नसतील तर त्या रोज काढा, चार-सहा दिवसांत तो जागा बदलतो. अंडी असतील तर सात-आठ आठवडे जाऊ द्या आणि पिल्लं गेल्याच्या दिवशी जागा जाळीने बंद करा. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून, मास्क लावून काढा. तिच्या धुळीने फुप्फुसांचा आजार होतो.

पिल्लू खाली पडलं तर

आधी मांजर-कुत्रा खोलीत बंद करा, मग पिल्लाकडे पाहा. अंगावर पिसं नसतील किंवा नुसती कोंबं असतील तर ते घरट्यातून पडलं आहे. उचलून परत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते हा गैरसमज आहे. घरटंच पडलं असेल तर तळाला भोकं पाडलेल्या छोट्या टोपलीत ते बसवून जुन्या जागेच्या शक्य तितकं जवळ बांधा आणि तासभर लांबून पाहा.

पिसं आलेली, शेपटी आखूड, दोन्ही पायांवर उड्या मारतंय, तर ते उडायला शिकतंय. त्याला ‘वाचवायला’ घरात आणू नका. जवळच्या दाट झुडपावर ठेवा, आईबाप येऊन भरवतात.

दूध, दुधात भिजवलेला ब्रेड, चोचीत थेंबथेंब पाणी, यातलं काहीही नको. पक्ष्याला दूध पचत नाही आणि पाणी श्वासनलिकेत जातं. मांजराने धरलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी जखमी समजा. मांजराच्या दातांतले जंतू एक-दोन दिवसांत जीव घेतात, त्याला लवकर प्रतिजैविक लागतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, सुती कापड घाला, पक्षी आत ठेवून अंधारात शांत जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. पोपट, मुनिया यांसारखे आपल्याकडचे जंगली पक्षी पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे ‘बरा झाल्यावर पाळू’ हा विचार नको.

वर्षातले अवघड दिवस

संक्रांतीनंतर, १५ जानेवारीपासूनच, झाडांत आणि ग्रिलवर अडकलेला मांजा शोधून काढा. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो सापडतो, आणि तो कुजत नाही. काढलेला मांजा बोटभर लांबीचे तुकडे करून पिशवीत बांधून टाका, नाहीतर कचराकुंडीवर पुन्हा कुणाचा तरी पाय अडकतो. पावसाळ्यात गोचिडं वाढतात. फिरून आल्यावर कुत्र्याचे कान, बोटांमधल्या फटी आणि काखा रोज तपासा. ताप, जेवण सोडणं, नाकातून रक्त दिसलं तर गोचीडतापाची तपासणी त्याच दिवशी. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत पडदे लावून रेडिओ सुरू ठेवा, आणि कुत्र्याला फिरवणं दुपारीच उरका. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की झाडांना पाणी निम्मं आणि सकाळी उन्हात, आणि प्राण्यांचं अंथरूण फरशीवरून उचलून गोणपाटावर.

घरटं रिकामं झाल्यावर

पिल्लं उडाल्यावर आठवडाभर काही करू नका. ती आसपासच असतात आणि रात्री त्याच वेलात येऊन बसू शकतात. त्यानंतर मधुमालती छाटा, राहिलेलं खत घाला आणि मांजराचं दार उघडा. बुलबुलाचं जुनं घरटं काढलं तरी चालतं, तो पुढच्या वेळी नवं बांधतो. शिंजिराचं राहू द्या, कधीकधी त्याचीच डागडुजी होते. चिमणीची पेटी मात्र लगेच उतरवा. आत नवीन अंडी नाहीत ना ते पाहा, जुनं गवत काढा, उकळतं पाणी ओतून पिसवा घालवा, दिवसभर उन्हात वाळवा आणि संध्याकाळी त्याच खिळ्याला परत टांगा. चिमणी एका हंगामात पुन्हा अंडी घालते, आणि पेटीची जागा बदलली तर तिला नव्याने भरवसा बसायला वेळ लागतो.